पवनचक्कीसाठी बिनवाऱ्याची जागा

वारा कसा तयार होतो, हे शिकवताना मला कधी अडचण आली नाही. उन्हाने जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला दुसरीकडची गार, जड हवा धावत येते. विषुववृत्तावर सगळ्यात जास्त तापतं, म्हणून मोठ्या वाऱ्यांचा कारभार तिथूनच सुरू होतो. हवा वर चढते, ध्रुवांच्या दिशेने निघते, वाटेत गार होऊन खाली उतरते आणि जमिनीलगत परत येते. त्यात पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे सरळ येणंही नाही. आपल्या अर्ध्या गोलात उजवीकडे वळून यायचं. पावसाळ्यात समुद्रावरचा वारा पाणी घेऊन निघतो, सगळं सह्याद्रीवर ओततो आणि आमच्या मराठवाड्यात रिकाम्या हातांनी, पण न चुकता हजर होतो. असले पाहुणे प्रत्येकाच्या नात्यात एखाददुसरे असतातच.

माझं माहेर अर्धापूरचं, केळीच्या बागांमधलं. तिथे वारा म्हणजे वैरी. बागेच्या कडेने दाट शेवरी लावायची, म्हणजे वारा आत शिरत नाही आणि पानं फाटत नाहीत, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. लग्न होऊन मी देवणीच्या बाजूच्या गावात आले आणि तिथल्याच शाळेत शिकवू लागले. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्या नव्या, पाट्यांचा रंग ओला, साहेबही नवे. जुना होता तो फक्त दुष्काळ.

गावची विहीर आटली होती. पाणी होतं ते माळावरच्या बोअरला, आणि त्याला हातपंप. सासूबाईंचा, म्हणजे आमच्या आत्याबाईंचा, उजवा खांदा धरलेला. मी शाळेत गेले की पंप त्यांच्याच वाट्याला यायचा. रात्री त्यांना त्या कुशीवर वळता यायचं नाही. तेवढ्यात बातमी आली, की गावाला पवनचक्की मंजूर झाली; वाऱ्यावर चालणारा पंप.

"का ग, हात लावायचाच न्हाई म्हणती का काय?" आत्याबाईंनी मला तीनदा विचारलं.

"न्हाई लावायचा. वारा उपसतो पाणी."

"मंग लई झालं," त्या म्हणाल्या आणि खांद्याला तेल लावायला घेतलं.

माळावर वाऱ्याला तोटा नव्हता. वाळत घातलेलं लुगडं शिवेपलीकडे शोधायला जावं लागे. पण गावाखाली, चिंचांच्या दाट राईत, आणखी एक नवं बोअर पाडलेलं होतं. एका सकाळी आमचे सरपंच हातात काडेपेटी घेऊन दोन्ही जागी हिंडताना मला दिसले. माळावर काडी पेटली की विझायची. चिंचांखाली ती बोटाला चटका बसेपर्यंत जळली.

"हीच जागा," सरपंच म्हणाले.

"अण्णा, काडी विझत नाही म्हणजे तिथं वारा नाही."

"तेच तर बघायलोय, बाई. उद्घाटनाला मोठे साहेब येणार, समई लागणार. समई विझली तर अपशकुन. अन् माळावर शामियाना टिकंल व्हय?"

"पण चक्की?"

"चक्कीला जलम पडलाय फिरायला. साहेब एकच दिवस येणार."

उद्घाटन झकास झालं. शामियान्याची झालर हलली नाही. समईची ज्योत इतकी सरळ, की आमच्या देवघरातही तशी मी पाहिली नव्हती. नावं कोरलेल्या फरशीवरचा पडदा सरकला, टाळ्या पडल्या, चक्की अडवून धरणारी दांडी सोडली. पाती हलेनात. शेवटी एक माणूस वर चढला आणि त्याने हाताने पाती फिरवली. खाली ओंजळभर पाणी आलं, त्याचा फोटो निघाला.

पुढे ती चक्की मोठ्या शिस्तीत उभी राहिली. तिच्या सावलीत शेळ्या बसायच्या. माळावर धूळ उडायची आणि आत्याबाई पदर तोंडाला गुंडाळून तिथेच पंप हाणायच्या. एक दिवस रिकामी घागर घेऊन परत आल्या. हात वर उचलेना.

महिन्याभराने पाणी खात्याचे साहेब पाहणीला आले, तेव्हा मी आत्याबाईंना आणि गल्लीतल्या बायांना घेऊन चिंचांखाली गेले. साहेबांनी पात्यांकडे पाहिलं. म्हणाले, "यंत्रात दोष नाही. यंदा वारा कमी आहे."

"माळावर चला," मी म्हटलं, "टोपी मात्र धरून."

ते आले. टोपी धरली नव्हती; ती आणायला शिपायाला पळावं लागलं. परत येऊन ते म्हणाले, "खरंय बाई. पण जागा बदलणं अवघड आहे. उद्घाटन इथं झालंय."

सरपंच तर घायकुतीला आले. "फरशीवर नावं हायती, साहेब! लोक काय म्हणतील?"

"फरशी राहू द्या की इथंच," मी म्हटलं. "ती कुठं वाऱ्यावर चालते? चक्की तेवढी वर न्या आणि वरचा हातपंप खाली आणा."

सरपंचांनी विचार केला. "फरशी हालणार न्हाई ना?"

"तिला कोण हात लावतंय, अण्णा?"

"मंग माझं काय म्हणणं न्हाई."

गावाला इतके दिवस कशाने अडवून धरलं होतं, ते तेव्हा कळलं. आजही ती फरशी हातपंपाशेजारी उभी आहे आणि पवनचक्कीचं उद्घाटन झाल्याचं सांगते.

चक्की माळावर उभी राहिली त्या दिवशी पाती अशी सुटली, की पोरं घाबरून मागे सरली. नळातून धार पडू लागली. आत्याबाईंनी घागर धारेखाली ठेवली, दुखरा हात पदरात घेतला आणि नुसत्या बघत राहिल्या. घागर भरली. त्यांनी चक्कीकडे पाहिलं, उताराच्या टोकाला दिसणाऱ्या आमच्या घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता ही घरापत्तोर न्यायला कोणता वारा हाय, तेबी सांग की मास्तरीणबाई."

तो धडा पुस्तकात नव्हता. मी घागर उचलली.