कोलशेतच्या गावदेवीपाशी राहिलेले पासपोर्ट

तिकिटावर दोन वाजताचं विमान होतं आणि मी ते दुपारचे दोन समजलो. शेजारी तारीख पुढच्या दिवसाची होती, पण तिच्याकडे मी पाहिलंच नाही. नागपूरहून सकाळी मुंबईला उतरल्यावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, हे आज रात्रीचं आहे," तेव्हा मी ते आधीपासून ठाऊक असल्याचा चेहरा केला. बायको फसली नाही. संसारात हा चेहरा तिने बऱ्याचदा पाहिलेला आहे. "म्हणजे आता दिवसभर इथे बसून काय करायचं, अहो? विमानं मोजायची?" एवढंच ती म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

आम्ही निघालो होतो मस्कतला. आमची मुलगी मनू तिथे पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, आणि बाळ पोटात अजून आडवंच होतं. डॉक्टर रोज "बघू" म्हणत आणि त्या "बघू"ने बायकोची झोप उडालेली. माझं देवाधर्माचं म्हणाल तर देव आणि मी एकमेकांच्या वाटेला फारसे जात नाही. सणाला आरतीत टाळ्या वाजवतो, तेवढीच ओळख. बायकोचं तसं नाही. मनूच्या वेळी आम्ही ठाण्याला वर्तकनगरमध्ये भाड्याने राहायचो, तेव्हा शेजारच्या काकूंनी तिला कोलशेतच्या गावदेवीला नेऊन ओटी भरायला लावली होती. बायकोने आता पर्समधून हिरवा खण आणि तांदळाची पुडी काढून दाखवली. "लागलंच तर असू दे म्हणून घेतलेलं. जाऊन येऊ का?"

चूक माझी असल्यामुळे नाही म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. आणि खरं सांगायचं तर लांबच्या थांब्यात मुंबईबाहेर फिरून येणं वाटतं तितकं अवघड नाही. सामान विमानतळावरच्या सामानघरात ठेवलं. पासपोर्ट मात्र बरोबर घेतले. भुयारी मेट्रोने मरोळ नाका, तिथे बदलून घाटकोपर, पुढे ठाण्यापर्यंत लोकल. सकाळी सगळी दुनिया मुंबईकडे येत असते आणि आपण उलट जात असतो, म्हणून पाय पसरून बसलो. ठाणे स्टेशनबाहेर कोलशेतची बस उभीच होती. मी बायकोला सगळा मार्ग असा समजावत होतो की जणू ही सहल मीच महिनाभर आधी आखली होती.

पूर्वी कोलशेतला कारखान्यांच्या भिंती लागायच्या. आता टॉवर लागतात आणि त्यांच्या पाठीमागे, खाडीच्या अंगाला, जुनं गाव अंग चोरून बसलेलं आहे. देऊळ तेच, फक्त फरशी नवी. आत एक म्हातारी मावशी फुलं निवडत होती. बायको ओटी घेऊन उभी राहिल्यावर तिने विचारलं, "कोनासाठी गं बाय?" बायकोने मनूचं सांगितलं. मावशीने मान हलवली आणि हळदकुंकवाची कोयरी पुढे सरकवली.

मग बायको मला म्हणाली, "अहो, पासपोर्ट तेवढे देवीच्या पायाला लावून घ्या." आमच्याकडे ही रीतच आहे. नवी किल्ली असो, निकाल असो की तिकीट, आधी देवापुढे ठेवायचं. मी दोन्ही पासपोर्ट प्लास्टिकच्या पाकिटासकट पायाशी ठेवले आणि हात जोडले. बायकोने खण, तांदूळ, नारळ त्यांच्यावरच वाहिला. तेवढ्यात मनूचा फोन आला, म्हणून मी बाहेर आलो. "बाबा, तुम्ही एअरपोर्टवर ना?" हो म्हणून ठोकून दिलं. पासपोर्ट बायकोने उचलले असतील असं मी धरून चाललो आणि तिने ते माझ्यावर सोडलं.

परतीच्या बसमध्ये कापूरबावडी आली तेव्हा तिने विचारलं, "पाकीट वरच्या खिशात ठेवलंत ना?"

मी वरचा खिसा पाहिला. मग इतर सगळे खिसे पाहिले, ज्यांत पाकीट मावलंच नसतं तेही. रिक्षाने उलटे आलो तर देवळाच्या जाळीच्या दाराला कुलूप. आत देवी शांत, आणि पायाशी काही नाही. खण, नारळ, तांदूळ, पाकीट, काहीसुद्धा नाही. ओटा स्वच्छ पुसलेला.

मी पायरीवर बसलो. पासपोर्टशिवाय विमानतळाच्या दारातूनही आत घेत नाहीत. नवे काढायचे तर किती दिवस जातील कोण जाणे, आणि मनूकडे तेवढे दिवस नव्हते. तिच्या सासूबाई नाहीत, नवऱ्याची नोकरी पाळ्यांची, तिथे आईशिवाय तिला बघणारं दुसरं कोणी नाही. बायको शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. एरवी माझ्याकडे प्रत्येक गोष्टीसाठी योजना असते, चुकीची का होईना. त्या पायरीवर मात्र एकही सुचेना. जाळीतून मी देवीकडे पाहिलं आणि मनात म्हणालो, आता मला काही कळत नाही, तू बघ. त्यात भक्ती किती होती ते माहीत नाही. हातातलं ओझं पेलवेना म्हणून खाली ठेवतो, तसं काहीसं होतं ते.

थोड्या वेळाने कमरेवर कळशी घेतलेली एक बाई वाटेने आली. आमच्याकडे बघून थांबली. "देऊल बंद झालं. मावशी जेवायला गेली. काय झालं ओ?" मी सांगितलं. तिने ओटी कोणासाठी होती ते विचारलं आणि कळशी तिथेच टेकवली.

"मंग ओटी पलीकडच्या आलीत गेली आसंल. बालंतपनाची ओटी आमी देवलात ठेवत नाय. गावात जी पोटुशी आसंल तिच्या घरी देतात. चला, दाखवते."

दोन वळणांवरचं घर. ओसरीवर सुकत घातलेली मासळीची जाळी, आत पलंगावर बसलेली एक पोरगी, मनूपेक्षा लहान, पोट तसंच पुढे आलेलं. तिच्या मांडीवर आमचा हिरवा खण, आणि समोर देवाच्या फळीवर, हळद लागलेलं, आमचं पाकीट. तिची आई हसत पुढे आली. "खनातून पासपोट निघालं नं! आमी म्हटलं, देवी आमच्या पोरीला बालंतपनाला फारेनला धाडते का काय!" सगळं घर हसलं. मीही हसलो, जरा जास्तच मोठ्याने.

मी पाकीट घेऊन उठणार तोच पोरीची आई म्हणाली, "ओ ताई, खन तुमचा. आता आल्यायत तर तुमीच भरा हिची ओटी."

मनूचं डोहाळजेवण आम्हाला करता आलं नव्हतं. फोनवर फोटो बघितले होते. बायकोने त्या पोरीला कुंकू लावलं आणि तांदळाची ओंजळ तिच्या पदरात सोडली.  पोरगी खाली वाकली, तर बायकोने तिला धरून उभं केलं आणि बराच वेळ सोडलंच नाही.

रात्रीचं विमान वेळेवर सुटलं. आम्ही पोचल्यावर चार-सहा दिवसांत बाळ आपलं आपण वळलं. असं होतं, डॉक्टर म्हणाले. मीही तेवढंच म्हणतो, त्याहून जास्त मला कळत नाही. एवढं मात्र आहे की विमान खरंच दुपारचं असतं तर मी कोलशेतला गेलो नसतो, आणि पाकीट वेळेवर उचललं असतं तर त्या घरात पाय पडला नसता. त्या दिवशी माझं एकही काम मी नीट केलं नाही आणि सगळं नीट झालं. तेव्हापासून आरतीत मी टाळ्या जरा मनापासून वाजवतो.

बायकोने तिकडे बसून बाळासाठी टोपडं शिवलं, तर एकाऐवजी दोन. दुसरं कोलशेतसाठी. परतीची वेळ आली तेव्हा मनू म्हणाली, "आई, तिकिटं मीच काढते, बाबा घोळ घालतात."

बायको टोपड्याचे बंद ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "नको गं, त्यांनाच काढू दे. आणि अहो, वेळ वाचत बसू नका."