नसीमआपांचे दोन चमचे

आर्णीच्या आमच्या लहान मुलांच्या दवाखान्यात नसीमआपा आल्या की चहाच्या आधी दोन स्टीलचे चमचे मागत. चमचे टेबलावर एकमेकांना लागणार नाहीत असे ठेवायचे, नव्या चिकटपट्टीचा तुकडा दोन्ही दांड्यांवर आडवा चिकटवायचा आणि वीज तपासायच्या मीटरची एक सुई एका चमच्याला, दुसरी दुसऱ्याला लावायची. मीटर वाजला तर पट्टी पिशवीत. मुका राहिला तर रीळ दुकानदाराला परत. "चिकटते तं सारीच, सिस्टर," त्या म्हणत. "तिच्या गोंदातून वीज पार होते का, ते पाहा लागते."

आपा यवतमाळच्या. पन्नाशी उलटलेली, चष्मा दोरीने गळ्यात, स्कूटरच्या डिकीत कपड्यांपेक्षा स्क्रूड्रायव्हर जास्त. वडील रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्या बाजूला बसून शिकल्या, मग डिप्लोमा केला आणि आसपासच्या तालुक्यांतल्या दवाखान्यांची यंत्रं सांभाळू लागल्या. बंद पडलेल्या मशीनला कोणी थाप मारलेली त्यांना खपत नसे. "मारता काहून? तिले बोलता येत नाई म्हनून?" असं म्हणून त्या मशीन जवळ ओढून घेत.

चमच्यांची ही सवय त्यांना जन्मापासून नव्हती. ती ज्या दिवशी लागली, त्या दिवशी मी तिथेच होते.

आमच्याकडे सातव्या महिन्यात जन्मलेलं एक बाळ होतं. त्याचा रक्तदाब टिकावा म्हणून सिरिंज पंपातून थेंबाथेंबाने औषध चालू होतं. एका सकाळी पंप चार वेळा थांबला. अलार्म वाजायचा, मी धावायचे, पुन्हा चालू करायचे. चौथ्या वेळी बाळाचा रक्तदाब उतरला. मी लगेच पोहोचले म्हणून निभावलं. डॉक्टरांनी शेजारच्या दवाखान्यातून दुसरा पंप आणवला आणि बाळाच्या आईसमोरच मला म्हणाले, "सिस्टर, सिरिंज नीट बसवत नाही तुम्ही." अकरा वर्षांची नोकरी होती माझी. बाळाची आई माझ्या हातांकडे बघत होती, ते अजून आठवतं.

दुपारी आपा आल्या. तू काय केलंस, असं त्यांनी विचारलं नाही. "पंप थांबला तवा जवळ कोन होतं?" एवढंच विचारलं. मी आठवत गेले. चारही वेळा बाळाची आजी आत होती, आईचं दूध वाटीत घेऊन आलेली. तिचा फोन पंपाशेजारच्या स्टुलावर असायचा. आणि हो, प्रत्येक वेळी तो वाजला होता.

पंपात नुसतं सलाईन भरून आपांनी तो बाजूच्या खोलीत चालू केला, आजीचा फोन शेजारी ठेवला आणि मला नंबर लावायला सांगितलं. फोनची घंटा पुरती वाजायच्या आतच पंप थांबून ओरडू लागला. फोन दाराबाहेर नेला, तर पंप मुकाट चालू.

आपांनी पंपाचं मागचं झाकण उघडलं. कडेने धातूच्या कापडात गुंडाळलेली स्पंजची बारीक पट्टी होती. "झाकन अन् पेटी हिच्यामुळं एक होतात," त्यांनी मला दाखवलं. "मंग बाहेरच्या लहरी आत शिरत नाईत. पन हे स्पंज झाकनाले ज्या टेपनं चिकटवलं, ती टेपबी वीज नेनारी पाहिजे." त्यांनी स्पंजला एक सुई लावली, झाकणाला दुसरी. मीटर मुका. मग तीच टेप वरच्या चकाकत्या बाजूने तपासली, तर मीटर खणखणीत वाजला.

आपांनी टेपचा तो तुकडा सोलून हातात घेतला. मग उठून सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग.

"सर, सिस्टरची काई चूक नाई. चार महिन्यांआधी पंप मीच खोलला होता. माह्याकडची टेप संपली होती, दुकानातून चमकनारी आनली, वरूनच तपासली. गोंद पाह्यलाच नाई."

डॉक्टर थोडे गडबडले. "आपा, हे तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलंही नसतं."

"मले तं कळलं ना, सर."

तेव्हा मलाही राहवलं नाही. फोन बाहेर ठेवायचा नियम होता आणि म्हाताऱ्या आजीसाठी तो मीच सैल सोडला होता, हे मी सांगून टाकलं. डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. बाहेर येऊन त्यांनी बाळाच्या आईला, मला शेजारी उभी करून, सांगितलं की सिस्टरांकडून सिरिंज कधीच चुकली नव्हती. ती बाई रडली, मीही रडले.

आपा तेवढ्यात फोनवर होत्या. तेच रीळ त्यांनी उमरखेडच्या एका दवाखान्यात वापरलं होतं. "ते मशीन आज लावू नका कोनाले. मी येऊन राह्यली." दोन तासांनी एसटीने तिथे पोहोचून, मशीन पाहून त्यांनी कळवलं की तिथलं मशीन दुरुस्तीनंतर कपाटातून निघालंच नव्हतं. फोनवर त्यांचा श्वास मोकळा झालेला मला इकडे ऐकू आला.

दोन दिवसांनी त्या तीन रिळं घेऊन आल्या आणि तेव्हा पहिल्यांदा चमचे मागितले. एक रीळ तिथेच बाद झालं. दुसरं नुसत्या तांब्याचं, मीटर छान वाजला, तरी त्यांनी बाजूला सारलं. "झाकन अल्युमिनियमचं हाय. पावसाळ्यात ओल धरली का तांब्याशी त्याचं जमत नाई, दोघांच्या मधात पांढरा खार चढते अन् वीज अडते." तिसरं तांब्याचंच, पण कथिलाचा मुलामा दिलेलं. ते निवडलं. झाकणाच्या कडेचा रंग खरवडला, कड स्पिरिटने पुसली, अंगठ्याने दाबत दाबत पट्टी बसवली आणि रात्रभर तशीच मुरू दिली. सकाळी मी स्वतः तीन फोन शेजारी वाजवून पाहिले. पंप एकदाही थांबला नाही.

बाळ सव्वा महिन्याने घरी गेलं. आता अंगणवाडीत जातं.

मागच्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा आपांनी स्कूटर विकली आणि नागपूरला लेकीकडे गेल्या. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आता मले खुशालीचेच फोन करत जा." परवा रविवारी मी फोन केला. सवयीनं त्यांनी विचारलंच, "काय बंद पडलं?"

"काहीच नाही, आपा. सगळं चालू आहे."

"मंग बसा निवांत," त्या हसल्या, "अन् सांगा, जेवल्या का?"