मधी कुणी उघडलंय का?

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आमच्या घराच्या भिंती जुन्या घड्याळांनी भरल्यात. येणारा-जाणारा कौतुकानं विचारतो आणि मी एकेका घड्याळाची गोष्ट सांगत सुटते, अगदी समोरच्याला जांभई येईपर्यंत. एका घड्याळाची मात्र सांगत नाही. ते कपाटात, एका साडीच्या घडीत आहे. तुम्हाला सांगते. तुम्हालाच का — ते नका विचारू, मलाही नीट माहीत नाही.

मी सांगलीच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. मुलांना हवेचा दाब कळावा म्हणून भंगारवाल्याकडून एक जुना पितळी वायुभारमापक आणला आणि तिथून हे वेड लागलं. मग लोलकाची घड्याळं, गजराची, साखळीची. नवरा म्हणायचा, हिला सोनं नको, गंज आणून द्या. माहेर साताऱ्याला. महिन्यातून एकदा एसटीनं जायचे आणि पिशवीत एखादं बंद पडलेलं घड्याळ असायचंच. मी आईला भेटायला येते की अण्णांना, असा प्रश्न आईलाच पडायचा.

अण्णा म्हणजे घड्याळजी. फौजेच्या दुरुस्ती-कारखान्यात पंचवीस वर्षं काढून आलेले. साताऱ्यात जिन्याखाली टपरीएवढं दुकान. नव्वद सालानंतर जो तो सेलचं घड्याळ घालू लागला, अण्णांकडची कामं आटली, त्यामुळे मला स्टूलही मिळायचं आणि त्यांचा वेळही. त्यांची एक पद्धत होती. घड्याळ हातात आलं की आधी गिऱ्हाइकाला विचारायचे — मधी कुणी उघडलंय का? उत्तर मिळाल्याशिवाय झाकणाला हात नाही. डॉक्टरला आणि घड्याळजीला खोटं सांगू नये, म्हणायचे. आणि एकदा तुम्ही सांगितलंत की तेच खरं धरून पुढे जायचे. पुन्हा शंका नाही.

चार वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून बघितलं. दसऱ्यानंतर शिकवतो, असं त्यांनी कबूल केलं होतं. तोवर नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. एवढी एकच अट.

पण धीर धरील ती मी कसली? मिरजेच्या बाजारात खिशातलं एक चांदीचं घड्याळ मिळालं. दिवसाला दहा मिनिटं मागं पडायचं, पण चालू होतं — हे लक्षात ठेवा, चालू होतं. एका रविवारी दुपारी मी ते जेवणाच्या टेबलावर उघडलं. भुवया कोरायच्या चिमट्यानं! आतल्या एका चाकावर केसाएवढी बारीक कमान असते, सगळं घड्याळ तिच्यावर चालतं. चिमटा सटकला. कमान वाकली आणि घड्याळ थांबलं. मी झाकण लावलं, वरून रुमालानं बोटांचे ठसे पुसले. चोर पुसतो तसे.

पुढच्या शनिवारी ते अण्णांच्या हातात दिलं. काल अचानक बंद पडलं, असं मी सांगितलं. त्यांनी ते तळहातावर तोललं, लय नामी चीज हाय म्हणाले, आणि नेहमीसारखं विचारलं.

"मधी कुणी उघडलंय का?"

"नाही अण्णा."

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? घटकाभर रागावले असते, मग हसले असते. शिकवणार नाहीत, अशी भीती होती का मला? असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. पण तेही खरं नव्हे. चाळीस पोरांना खोटं बोलू नका म्हणून दटावणाऱ्या बाईला, आपलं चुकलं, असं म्हणायची सवयच नव्हती.

त्या वर्षी अण्णांचा हात जरा थरथरू लागला होता. आता दुकान बंद करा म्हणून मुलगा मागे लागलेला, आणि अण्णा ते हसण्यावारी न्यायचे. त्यांनी झाकण काढलं. डोळ्याला भिंग लावायच्या आधीच हातातला चिमटा निसटला आणि चाकावर टेकला — अलगद, काहीच बिघडू नये इतका. मग त्यांनी भिंग लावलं. आत कमान वाकलेली दिसली.

"बाई, कमान माझ्या हातानं गेली," ते म्हणाले. "आवं, असं कदी झालं न्हवतं."

आणि मी काय केलं? खोट्यापेक्षा हे वाईट आहे, म्हणून सांगते. मी त्यांची समजूत घातली. असू द्या अण्णा, म्हटलं, वय झालं की व्हायचंच. प्रेमानं म्हटलं. प्रेम खरंच होतं हो — ते कुठं ठेवू?

खंडेनवमीला त्यांनी हत्यारं पुजली. चिमटे, पेचकस, भिंग, वर झेंडूची फुलं. पुजलेल्या हत्यारांना त्या दिवशी विश्रांती द्यायची आणि दसऱ्याला नारळ फोडून पुन्हा उचलायची, हा त्यांचा नेम. त्या वर्षी त्यांनी ती उचललीच नाहीत. दिवाळीत मी गेले तेव्हा झेंडू वाळून गेला होता आणि हत्यारं होती तशीच मांडलेली. माझ्यासमोर त्यांनी ती एकेक पुसून पेटीत भरली, पेटी माझ्या ओटीत घातल्यासारखी हातात दिली. तुमचा हात तरुण हाय, म्हणाले, आन् तुमी खोटं काम करायच्या न्हाई. मी पेटी घेतली. वाकून पाया पडले.

त्यानंतर अण्णा सहा वर्षं होते. दर महिन्याला मी त्यांच्या घरी जायचे, सगळं सांगून टाकायचं ठरवून जायचे. कराड येईपर्यंत वाक्य तयार असायचं. साताऱ्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत ते गिळलेलं असायचं. अण्णा गप्पा तशाच मारायचे, फक्त बशी डाव्या हातानं धरायचे. उजवा हात मांडीखाली दाबून बसायचे.

एकदा मुलानं त्यांच्यापुढे चष्मा धरला. काडीचा स्क्रू ढिला झाला होता, तेवढा पिळून द्या म्हणाला. अण्णांनी चष्मा माझ्याकडे सरकवला.

"बाईंना दे," ते म्हणाले. "माझ्या हाताचा भरवसा न्हाई."

त्या हातानं काहीही बिघडवलं नव्हतं. जगात एकट्या मला ते माहीत होतं. मी स्क्रू पिळून दिला, चहा घेतला आणि सांगलीची गाडी पकडली.