काहीतरी हलकं द्या

माझ्याबद्दल आमच्या गावात दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, मी तिरसट आहे आणि दुसरी, मी माणूस बघून पुस्तक देतो. पहिली खरीच आहे. दुसरीचा मला गेल्या उन्हाळ्यापर्यंत फार तोरा होता.

रहिमतपूरजवळच्या एका गावातल्या छोट्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. पुस्तकांच्या जोडीला एक कपाट गाण्यांचं आहे, जुन्या कॅसेटी आणि सीड्यांचं. त्या आता कुणी नेत नाही, म्हणून मी लोकांना चिठ्ठी लिहून देतो. मोबाइलवर हे शोधा, हे सकाळी ऐका, हे उसाला पाणी पाजताना ऐका. काही जण तर पुस्तकं सोडून चिठ्ठीसाठीच येतात. मी वरवर करवादतो, पण मला ते आवडतं.

सुभेदार मात्र चिठ्ठीवाले नव्हते. फौजेतून निवृत्त होऊन आल्यापासून आठवड्याला दोन पुस्तकं न्यायचे आणि परत करताना माझ्याशी भांडायचे. ‘शेवट गुंडाळलाय गड्या ह्यानं,’ म्हणायचे, आणि माझ्याकडं असं बघायचे की जणू तो शेवट मीच लिहिलाय. माझ्या निवडीला तोंडावर नावं ठेवणारा तो एकच माणूस होता, आणि त्याचीच मी वाट बघायचो.

मागच्या दिवाळीनंतर त्यांना लकव्याचा झटका आला. मग पुस्तकं बदलायला त्यांच्या पत्नी, म्हणजे काकी, यायला लागल्या. काकींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, रजिस्टरवर अंगठा लावायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ‘आवं सर, अंथरुनावरच हायत. काय तरी हलकं द्या.’

मी खुशीत आलो. आजारी माणसाला हलकंफुलकं वाचायला द्यावं हे कुणीही सांगेल, पण नेमकं कोणतं, ते मीच सांगणार ना! विनोदी कथांचा एक जाडजूड संग्रह काढून दिला. म्हटलं, चांगली पंधरा दिवसांची बेगमी झाली. पुढच्या खेपेला काकी पुन्हा म्हणाल्या, ‘हलकं बगा.’ मी आणखी विनोदी आणि आणखी जाड दिलं.

‘आधीचं कसं वाटलं त्यांना?’ मी विचारलं.

‘लय भारी हाय म्हनत्यात.’

सुभेदारांच्या तोंडून ‘लय भारी’! मी दिवसभर हवेत होतो. घरी जाऊन बायकोलाही ऐकवलं. त्यानंतर दर खेपेला मी मुद्दाम विचारायचो आणि काकी तेच उत्तर द्यायच्या.

एकदा त्यांनी चाचरत विचारलं, ‘त्येंच्यासाटनं गान्याची चिट्टी देता का? नात लावून दील मोबाइलवर.’

‘सुभेदारांना गाणी?’ मी फिसकारलो. ‘काकी, ते वाचणारे आहेत. त्यांची सवय मोडू नका.’

काकींनी पुस्तक पिशवीत घातलं आणि त्या गेल्या. त्यांची वस्ती वाचनालयापासून चालत अर्ध्या तासावर. येत्या रविवारी भेटून येऊ, असं मी दर आठवड्याला ठरवायचो आणि दर रविवारी मला काहीतरी काम निघायचं. खरं सांगायचं तर त्या माणसाला पडलेलं बघायची मला भीती वाटत होती.

उन्हाळ्यात सुभेदार गेले. तेरावं झाल्यावर काही दिवसांनी काकी शेवटचं पुस्तक परत करायला आल्या. मी म्हणालो, ‘शेवटपर्यंत वाचत होते, हे बरं झालं. पुस्तकं भारी वाटायची त्यांना.’

‘व्हय की,’ काकी म्हणाल्या. ‘उजवा हात गेल्याला. डाव्यात पेलायचं न्हाई. छातीवर ठिवलं तर दम लागायचा. म्हून तर म्हनत हुते, हलकं द्या.’

मला समजायला वेळ लागला. वाचनालयात येणारी पोरं चांगल्याला भारी म्हणतात, त्यांचं ऐकून मीही म्हणतो. काकींच्या लेखी भारी म्हणजे ओझं. दर खेपेला त्या तक्रार करत होत्या आणि मी शाबासकी घेत होतो. एका हातात मावतील अशी कितीतरी पुस्तकं माझ्या पाठीमागच्या कपाटात पडून होती.

‘मग वाचायचे कसे?’

‘म्या धरायची की, त्येंच्या डोळ्याम्होरं. पालट म्हनलं की पालटायची. माजं हात भरून आलं की त्येस्नी कळायचं. ऱ्हाऊ दे म्हनायचे, झालं वाचून.’

‘अहो, मग मला स्पष्ट सांगायचं नाही का?’ त्याही वेळी माझा आवाज चढलाच.

‘त्येच नगं म्हनायचे. सरांनी निवडून दिलंय, त्येस्नी वाईट वाटंल.’

धडधाकट असताना माझ्याशी कायम भांडलेल्या माणसानं अंथरुणाला खिळल्यावर माझं मन सांभाळलं होतं. मला रडू आलं. ते लपवायला मी रजिस्टर उघडलं आणि घाईघाईनं म्हणालो, ‘काकी, गाण्यांची चिठ्ठी लिहून देतो. तुमच्यासाठी.’

‘गानी नगंत आता.’ काकींनी टेबलावरच्या पुस्तकावर हात ठेवला. ‘तेवढं ह्यात काय हाय ते सांगा. इतकं दिस धरलं म्या. त्येस्नी इचारायचं ऱ्हाऊनच गेलं.’

मी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. चार लोक चांगलं म्हणतात, म्हणून दिलं होतं.

‘विनोदी आहे, काकी,’ एवढंच मी म्हणालो.

काकींनी पुस्तक उघडून एक पान उलटलं.

‘हसायचं हुतं व्हय ह्यात?’ त्या म्हणाल्या.