हरणाबाईचं मत

हरणाबाई माझी शेजारीण. उंब्रजपासून जवळच आमची वाडी. नवरा गेल्यावर उसाच्या रोपवाटिकेत राबून तिनं एकुलत्या एका लेकीला, प्रियदर्शनीला शिकवलं. लेक बेसबॉल खेळायची. आता ती सांगलीत शाळेत खेळ शिकवते, आणि तिच्यावर सिनेमा निघालाय. सत्य घटनेवर आधारित, असं सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत येतं. त्या अक्षरांनीच घात केला.

सिनेमात राष्ट्रीय स्पर्धेला निघायच्या आदल्या दिवशी आई लेकीचा ग्लोव्ह चुलीत घालते. लेक उसन्या ग्लोव्हवर खेळते आणि जिंकते. बघणारे रडतात, डोळे पुसतात आणि फोनवर मतं लिहितात. 'अशी आई वैऱ्यालाही मिळू नये.' 'या बाईला गावानं वाळीत टाकावं.' एकानं तर वाडीचं नाव शोधून काढून लिहिलं होतं, 'पुढच्या आठवड्यात येतोय, घर दाखवा.'

खरं काय ते मला माहीत आहे, कारण ग्लोव्ह जळाला तेव्हा मी परड्यातच उभी होते. तो जाळला लालासाहेबांनी, हरणाबाईच्या थोरल्या दिरांनी. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, घरात त्यांचाच शब्द. घरची पोरगी परमुलखात खेळायला जाणार हे त्यांना सोसवलं नाही. घरात तंटा नको म्हणून हरणाबाईनं लेकीला सांगितलं, उसाचं वाळलेलं पाचट पेटवताना त्यात चुकून गेला.

सिनेमावाले माहिती घ्यायला आले तेव्हा लालासाहेब बाजेवर बसले होते. हरणाबाई दाराआड, पदर कपाळापर्यंत. थोरल्या दिरापुढं, त्यातून परकी माणसं बसलेली असताना, आमच्याकडची बाई तोंड उघडत नाही. लेक सांगते तसा ग्लोव्ह खरंच चुकून जळाला का, असं त्यांनी विचारलं. लालासाहेब शांतपणे म्हणाले, "तिच्या आईनंच जाळला. भ्याली हुती बिचारी." सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. हिनं होय म्हणून मान हलवली. मी चहाचं ताट धरून उभी होते. मीही गप्प बसले, त्याची मला अजून लाज वाटते.

प्रियानं हे पहिल्यांदा पाहिलं ते पडद्यावरच. दर दुसऱ्या शनिवारी येणारी पोरगी यायची बंद झाली. एकदाच फोन आला, तोही लालासाहेबांच्या फोनवर. हरणाबाई म्हणाली, मी नाही जाळला. मग पाचटाचं खोटं का सांगितलंस, असं लेकीनं विचारलं. समोर दीर बसलेले. हिच्या तोंडून त्यांचं नाव निघेना. फोन बंद झाला.

त्यानंतर गावात कॅमेरा घेऊन कुणीकुणी येऊ लागलं. लालासाहेब कडक इस्त्रीचा सदरा घालून मत देऊ लागले. "आईचं चुकलंच. पर आमी तिला माफ केलं." ते इतक्या वेळा म्हणाले, की आता त्यांना ते खरंच वाटत असावं. मला त्याचीच जास्त भीती वाटायला लागली.

नागपंचमी चार दिवसांवर आली, लेकी माहेराला यायला लागल्या, तशी हरणाबाई भरदुपारी माझ्याकडं आली. म्हणाली, "आक्का, समदी मतं लिवत्यात. माजं बी लिवा." माझ्या फोनवर तिच्या नावानं मी खातं उघडून दिलं आणि ती सांगेल तसं लिहिलं. ग्लोव्ह मी जाळला नाही. दिरांनी जाळला. मी भिऊन मान हलवली.

पाच मिनिटांत खाली हसणारी तोंडं उमटली. मग प्रियदर्शनीचं उत्तर आलं. ते मला वाचून दाखवावं लागलं. 'माझ्या आईला लिहिता-वाचता येत नाही. तिच्या नावानं खोटं लिहिणं बंद करा. तिनं स्वतः कबूल केलेलं आहे.'

मी लगेच सांगलीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तर लागेचना.

तेवढ्यात अंगणात खाकरल्याचा आवाज आला. लालासाहेब फोन हातात घेऊन उभे होते. हरणाबाई पदर न ओढता उठली आणि त्यांच्याकडं बघून म्हणाली, "मी सांगितलं, आक्कांनी लिवलं. खरं तेच लिवलंय."

ते रागावले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. फोन खिशात ठेवत म्हणाले, "लिव की. रोज लिव. पोरगी काय म्हणती, ते वाचलंस न्हवं?"

आणि आले तसे सावकाश निघून गेले.