सीटखालची तार

फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या लायब्ररीत होते. मामीचा आवाज मला आधी ओळखूच आला नाही. "तुझ्या मामाच्या अंगावर मशीन गेलं... तू ये," एवढंच ती म्हणाली. मामा कामाला होते त्या त्र्यंबक रस्त्यावरच्या आवारात मी पोचले, तोवर मामांना दवाखान्यात नेलं होतं, आणि ते वाटेतच गेले होते. आंब्याच्या झाडाखाली गवत कापायचं मशीन उलटं पडलं होतं. पात्याला गवत आणि मामांच्या पँटचं कापड एकत्र पिळून बसलं होतं. रक्तावर कुणीतरी वाळू टाकली होती, पण ती पुरली नव्हती.

याला आता सात आठवडे झाले. मला लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. चौथी शिकलेले. सहा एकरांच्या त्या आवारात ते एकवीस वर्षं माळी होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून ते मला "मॅडम" म्हणायचे, आणि बाजारात चारचौघांत तर मुद्दाम मोठ्यानं. इतकी वर्षं त्यांनी पट्ट्यानं खांद्याला लटकवायच्या कटरनं गवत कापलं. एकदा त्याच्या पात्यानं दगड उडवला आणि त्यांची भुवई फाटली. कपाळाला फडकं बांधून त्यांनी उरलेला वाफा पुरा केला, मगच टाके घालायला गेले. पुढे खांदा इतका गेला की शर्टात हात मामी घालून द्यायची. तेव्हा आवाराचे मालक म्हणाले, नवीन मशीन बघून या. इंग्रजी वाचता येतं म्हणून मामांनी मला दुकानात नेलं.

दुकानात दोन मशीनं समोर होती. एक हातानं ढकलायचं, लहान. दुसरं बसून चालवायचं, छोट्या ट्रॅक्टरसारखं. मामा लहान मशीनचा दांडा धरून उभे राहिले. दुकानदार हसला. "काका, सहा एकराला हे ढकलत बसाल, तर दिवाळीला सुरू केलेलं होळीला उरकंल."

"पण झाडं लय हायेत ना भाऊ," मामा म्हणाले. "दांडा हातात असला की मूळ लागलेलं समजतं. वर बसल्यावर काय समजंल?"

"मामा, तुमचा खांदा बघा आधी," मी म्हणाले. "बसून काम करा ना आता. साहेबासारखं."

"बसून काम केलं तर तुझी मामी भाकर वाढायची बंद करंल." आम्ही तिघंही हसलो. मग मी पत्रकावरचे आकडे वाचून दाखवले, एका तासात किती गवत कापतं ते. मामांनी दांडा सोडला. "मॅडम म्हणतीन ते," ते दुकानदाराला म्हणाले.

मी फक्त एकर बघितले होते. आज कुणी विचारलं तर सांगेन, आधी दोन झाडांमधली वाट मोजा, फांद्या किती खाली आल्यात आणि मुळं कुठे वर आलीत ते बघा, जमीन किती ते नंतर. त्या आवारात आंबा, जांभूळ, चिंच अशी शंभरावर झाडं आहेत आणि प्रत्येकाभोवती मामांनी पाण्यासाठी गोल आळं खणलेलं. आळी बुजवा असं मालकांनी सांगितलं होतं. मामांनी ऐकलं नाही. "पाणी कुठं थांबंल मंग? झाडांनी काय घोडं मारलंय?"

पहिल्याच आठवड्यात मशीननं बेडकांचे तुकडे उडवले आणि लाव्याचं एक घरटं अंड्यांसकट चिरडलं. उघडी मुळं सोलली गेली. मामा सारखे सीटवरून उठायचे, उतरायचे. पडलेली फांदी उचलायला, गवतात काय आहे ते बघायला, कधी नुसतंच अंग वाकवून फांदीखालून जायला. त्या सीटखाली एक स्विच असतो. माणूस उठला की इंजिन आणि पातं लगेच थांबतं. तासात वीसदा मशीन बंद पडायला लागलं. "मॅडम, ह्याची कटकट बंद करा बुवा," ते फोनवर म्हणाले. रविवारी मी गेले, मोबाईलवर व्हिडिओ बघितला आणि स्विच दाबलेलाच राहील असा तारेनं आवळून टाकला. पाच मिनिटं लागली. मामा उभं राहून मशीन चालवून बघत होते आणि हसत होते... मीही.

मामा गेले त्या दिवशी गवत गुडघाभर होतं. आळ्याची कड दिसली नसणार. पुढचं चाक आत गेलं, मशीन कलंडलं, मामा फेकले गेले आणि ते त्यांच्यावर आलं. ते सीटवरून सुटल्या क्षणी पातं थांबायला हवं होतं. वॉचमन धावत येऊन चावी फिरवेपर्यंत ते फिरत राहिलं.

दहाव्याला मालक आले होते. "अडाणी माणूस, त्याला मशीन झेपलं नाही," असं ते मामीसमोर म्हणाले. पाहुण्यांनी माना हलवल्या. पंचनाम्यातही मामांचाच निष्काळजीपणा लिहिला होता. मी खाली बघत बसले. आणखी चार दिवस गप्प राहिले. पाचव्या दिवशी मामी भांडी घासत होती, तिथे जाऊन तिला तारेचं सांगितलं.

ती उठली आणि राखेच्या हातानं माझ्या तोंडात मारली. मग दुसरी. ओठ फुटला. मी हात वर केला नाही. तिनं पदरानं हात पुसले आणि चपला घातल्या. "चल. जे मला सांगितलं ते तिथं सांग."

पोलीस चौकीत मी सगळं सांगितलं. बोलावल्यामुळे मालकही आले होते. ते म्हणाले, "आता कशाला हे वाढवायचं? पोरीचं शिक्षण चालू आहे." मामी त्यांच्याकडे न बघता हवालदाराला म्हणाली, "लिहून घ्या. त्यांना मशीन कळत व्हतं. लहान मशीन मागितलं व्हतं त्यांनी." हवालदारानं लिहिलं. मी सही केली. पुढे माझं काय होईल ते अजून ठरलेलं नाही.

त्यानंतर मामी माझ्याशी बोलली नाही. मी दर रविवारी जाते, पाणी भरते, निवडण करते आणि परत येते. कामावरून आल्यावर मामा घरात शिरण्याआधी ओट्यावर उभे राहून पँटच्या दुमडी झटकायचे. इतक्या वर्षांचं गवताचं बी त्या फरशीच्या फटीत पडलंय. गेल्या रविवारी ओटा झाडताना तिथे बोटभर गवत उगवलेलं दिसलं. मी ते उपटायला खाली वाकले.

"राहू दे ते," आतून मामी म्हणाली.

मी हात मागे घेतला आणि बाजूनं झाडून घेतलं.