नावाडिणीचा आवाज

काळजी करणे ही कला मानली, तर तिच्यातले बीड जिल्ह्यातले पहिले उस्ताद म्हणजे माजलगावचे माझे थोरले साडू, असे म्हणायला मला मुळीच संकोच वाटत नाही. धरण भरले की ते फुटेल काय याची काळजी, आणि भरले नाही तर का भरले नाही याची काळजी, असे त्यांचे बारमाही वेळापत्रक आहे. त्यांचे भांड्यांचे दुकान आहे. गिऱ्हाईक प्रेशर कुकर घ्यायला आले, की ते आधी त्याला खुर्चीवर बसवतात आणि कुकरपासून संभवणारे सर्व धोके शिट्टीपासून तळापर्यंत क्रमाने समजावून देतात. एकदा एका नव्या नवरीच्या सासूने हे सारे लक्षपूर्वक ऐकले आणि शेवटी एक पातेले घेऊन ती निघून गेली. साडूंना विक्री गेल्याचे दुःख झाले नाही. पातेल्याला कान नाहीत, उतरवताना तिचा हात भाजेल, या विचाराने मात्र त्यांना दुपारचे जेवण गेले नाही.

अशा माणसाने आयुष्यात एकाच गोष्टीवर निर्धास्तपणे प्रेम केले, ती म्हणजे एक तीन खंडांची अद्भुत कादंबरी. जमिनीखालचे राज्य, सात दरवाजांचे नगर, उडणारा पितळी घोडा, आणि काळ्या नदीतून प्रवाशांना पलीकडे नेणारी एक म्हातारी नावाडीण, असा तिचा पसारा आहे. आपल्याकडे श्रावणात पोथी लावतात, तशी साडूंनी ही कादंबरी लावली, आणि श्रावण संपला तरी उतरवली नाही. दुकान बंद असते त्या वारी दुपारी, अर्धे शटर ओढून, पाटावर लाल कापडात बांधलेला ग्रंथ सोडायचा, एक अध्याय वाचायचा आणि शेवटी हात जोडायचे, हा शिरस्ता. पोथीला अर्थ सांगणारा लागतो. मी निवृत्त शिक्षक असल्यामुळे ते काम माझ्याकडे आले. शेजारचे टेलर हमीदभाई आणि समोरच्या औषधदुकानातल्या वहिनी हे आमचे नेमाचे श्रोते. राक्षसाने राजकन्येला का पळवले, याचा अर्थ मी एकदा अर्धा तास सांगितला, तेव्हा हमीदभाई म्हणाले, "गुरुजी, राक्षसालासुद्धा इतकं ठाव नसंल."

नावाडिणीचे बोलणे मात्र साडू कधीच वाचत नसत. ते माझ्या मेहुणीचे, म्हणजे त्यांच्या पत्नीचे, काम होते. आम्ही त्यांना अक्का म्हणत असू. छापील मराठी अक्कांच्या जिभेवर टिकत नसे. पुस्तकात नावाडीण म्हणते, "हे पथिका, थांब. हा प्रवाह अथांग आहे." अक्का वाचत, "लेकरा, थांब की जरा. पाणी लई खोल हाय." साडू दर वेळी बोट दाखवून म्हणत, "छापलंय तसं वाच की." अक्का चष्म्यावरून बघत आणि विचारत, "म्हातारी अशी बोलंल व्हय?" दोन-तीन वर्षांपूर्वी अक्का गेल्या. वाचन थांबले नाही. पण नावाडिणीची ओळ आली की साडू गप्प होत आणि नुसते बोट ओळीखालून पुढे नेत. त्या शांततेत आम्हा सगळ्यांना अक्कांचा आवाज स्वच्छ ऐकू येई. बोट ओळीच्या टोकाला पोचले की साडू पुढे वाचू लागत.

आणि मग त्या कादंबरीवर चित्रपट निघाला. साडूंच्या काळजीला पूर आला. मोबाईलवर जाहिरात पाहताच त्यांनी निकाल दिला की घोडा पितळेचा नाही, जर्मनचा आहे. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात, आणि साडूंच्या तोंडी त्याहून मोठी शिवी नाही. नगराच्या दरवाजांच्या कड्या उलट्या बसवल्या आहेत, हेही त्यांनी शोधून काढले. आठवडाभर ते गिऱ्हाइकांना याच तक्रारी सांगत होते. शेवटी एका सकाळी तांब्यांची चळत पुसता पुसता ते थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गुरुजी, घोड्याचं जाऊ द्या. तिथं कुणीतरी बाई बोलणार. एकदा ती कानात बसली, की हिचा आवाज राहतोय का हो?"

शाळेत मी उत्तर नसलेल्या प्रश्नाला "उद्या पाहू" म्हणत असे. इथेही तेच म्हणालो.

त्यांनी स्वतः न जाण्याचे ठरवले, आम्हाला मात्र अडवले नाही. हमीदभाई, वहिनी आणि मी बीडला जाऊन चित्रपट पाहिला. सवय इतकी अंगात मुरलेली, की मध्यंतर होताच आम्ही तिघांनी हात जोडले. सारे प्रेक्षक मक्याच्या लाह्यांकडे धावले, आणि हे दोघे माझ्याकडे तोंड करून अर्थाची वाट पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी दुकानात साडूंनी आमची उलटतपासणी घेतली. वहिनींच्या मते नायक फार देखणा होता. इतक्या देखण्या मुलावर संकटे येतात हे पटत नाही. हमीदभाईंना राजाच्या अंगरख्यावरची मशीनची शिलाई दिसली होती, आणि त्यानंतर त्यांना राज्य वाचले की बुडाले याच्याशी कर्तव्य उरले नव्हते. घोडा चांगला उडतो, हे मी भीत भीत सांगितले. सगळे बोलून झाले, तरी नदीपर्यंत कुणी पोचेना.

"आणि नावाडीण?" साडूंनी विचारले.

हमीदभाईंनी टेप गळ्यातून काढून हातात घेतला. "शेठ, खोटं कावून बोलू? आवाज लई भारी हाय."

साडूंनी मान हलवली आणि एका गिऱ्हाइकाला झारा दाखवायला उठले.

पुढच्या वाचनाला, योगायोगाने म्हणा, नदीचाच अध्याय आला. ओळ आली. साडू गप्प झाले, बोट सरकू लागले. मी डोळे मिटले, आणि मला ऐकू आला तो खोल, घुमणारा, सुंदर आवाज अक्कांचा नव्हता. मी डोळे उघडले. वहिनी पदराशी चाळा करत होत्या. हमीदभाई जमिनीकडे पाहत होते. बोट ओळीच्या टोकाला पोचले, पण साडू पुढे गेले नाहीत.

"आत्ता कोण बोललं?" त्यांनी विचारले. "खरं सांगा."

वहिनी हळूच म्हणाल्या, "पिक्चरमधली, काका."

मला वाटले, आता ग्रंथ बांधला जाणार. साडूंनी तो दोन्ही हातांनी किंचित जवळ ओढला, बोट पुन्हा ओळीच्या सुरुवातीला नेले, घसा साफ केला आणि छापलेले एक अक्षरही न जुमानता मोठ्याने वाचले, "लेकरा, थांब की जरा."

तेव्हापासून नावाडिणीची पाने तेच वाचतात. अक्कांसारखे मुळीच होत नाही. आवाज घोगरा, दम भलत्याच ठिकाणी तुटतो, आणि म्हातारीऐवजी पडसे झालेला फौजदार बोलतो आहे असे वाटते. आम्ही कुणी हसत नाही. वाचता वाचता मध्येच ते थांबतात आणि चष्म्यावरून आमच्या चेहऱ्यांकडे एकेक करून पाहतात. कधी कधी त्या थांबण्यात अक्का येतात. कधी येत नाहीत. त्या दिवशी साडू पान उलटायला जरा वेळ लावतात.